क्लास फुकट, क्रम आपला

तुळजापूर, कळंब किंवा उमरग्याच्या मुलाने ‘आयटीत जायचंय’ म्हटलं की घरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पुण्यातल्या क्लासची फी किती आणि खोलीचं भाडं किती? सायबर सुरक्षा म्हटलं की आकडा आणखी फुगतो. २०१८ साली नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आलेल्या, या गावांच्या धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न हलका नाही. पण त्या क्लासमधलं बरंचसं शिक्षण आज इंटरनेटवर अधिकृतपणे आणि फुकट मिळतं. साहित्य भरपूर असल्याने घोटाळा होतो तो क्रमाचा. पोरं थेट ‘हॅकिंग’ शोधतात, सुरक्षा-चाचणीसाठीची ‘काली लिनक्स’ ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकतात आणि आठवड्याभरात कंटाळतात.

क्रम का महत्त्वाचा, ते एका उदाहरणावरून कळतं. २०१८ च्याच ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे ९४ कोटी रुपये गेले. असे हल्ले ओळखायला सर्व्हर, नेटवर्क आणि प्रोग्रॅम आतून कसे चालतात हे आधी समजावं लागतं. म्हणून सुरक्षा हा विषय शेवटी येतो.

सुरुवात मराठीतून

पहिल्या पायरीला इंग्रजीची भीती बाळगायचं कारण नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स, पायथन, सी, जावा अशा विषयांचे छोटे व्हिडिओ आहेत आणि त्यातल्या अनेकांना मराठी आवाज आहे. प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या नेतृत्वाखाली हा प्रकल्प उभा राहिला. थोडं पाहायचं, व्हिडिओ थांबवायचा, तेच आपल्या संगणकावर करायचं, अशी त्याची रीत. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीमही फुकट आहे आणि जुन्या संगणकावर चालते. मोबाइलवर ऐकून विषय कळेल, पण हात बसायला कीबोर्डच लागतो. तो घरी नसेल तर कॉलेजची लॅब गाठावी.

दुसरी पायरी नेटवर्कची. ‘सिस्को नेटवर्किंग अकॅडमी’चे प्राथमिक अभ्यासक्रम खातं उघडलं की मोफत मिळतात. त्यासोबतच्या ‘पॅकेट ट्रेसर’ सॉफ्टवेअरमध्ये राउटर आणि स्विच पडद्यावरच जोडता येतात. महागडं यंत्र विकत घ्यावं लागत नाही.

मग येतो सराव. ‘ओव्हरदवायर’वरच्या ‘बँडिट’ या खेळात लिनक्सच्या आज्ञा वापरून पुढच्या टप्प्याचा पासवर्ड शोधायचा असतो. ते जमलं की पोर्टस्विगर कंपनीची ‘वेब सिक्युरिटी अकॅडमी’ उघडावी. एसक्यूएल इंजेक्शनसारख्या त्रुटी तिथे वाचायला मिळतात आणि मुद्दाम सदोष ठेवलेल्या संकेतस्थळांवर करूनही बघता येतात. इथवर येईतो वाचण्यापुरतं इंग्रजी सरावाचं झालेलं असतं.

पैसे कुठे लागतात?

शिकणं फुकट, प्रमाणपत्राला मात्र अनेक ठिकाणी शुल्क असतं. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन मंचावरच्या एनपीटीईएल अभ्यासक्रमांना नाव नोंदवणं, व्याख्यानं पाहणं, दर आठवड्याचा स्वाध्याय देणं हे सगळं विनामूल्य आहे. केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचं शुल्क साधारण हजार रुपये. आयआयटी खरगपूरचा ‘एथिकल हॅकिंग’ हा अभ्यासक्रम याच मंचावरचा. आधी फुकट शिकावं आणि विषय जमतोय असं दिसलं तरच परीक्षेचे पैसे भरावेत. दरम्यान काय केलं, कुठे अडलं, कसं सुटलं याची टिपणं ‘गिटहब’ या संकेतस्थळावर ठेवावीत. मुलाखतीत दाखवायला तीच कामी येतात.

एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. शिकलेलं तंत्र शेजाऱ्याच्या वायफायवर किंवा कॉलेजच्या संकेतस्थळावर परवानगीशिवाय वापरून पाहणं हा गुन्हा ठरू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

घरी नेट अडखळत असेल तर जिल्ह्यातली महाविद्यालयं आणि ग्रंथालयं इथे मोठं काम करू शकतात. स्पोकन ट्युटोरियलचे धडे खुल्या परवान्याखाली आहेत. ते एकदा उतरवून घेऊन लॅबच्या संगणकांवर ठेवायला कुणाची मंजुरी लागत नाही. सोबत आठवड्यातून दोन संध्याकाळी लॅब उघडी ठेवली आणि अडलेलं विचारायला एखादे सर किंवा मॅडम हजर राहिले, तर पुण्याच्या फीचा हिशेब करण्याआधीच मुलाला हा विषय आपल्याला झेपतो का, ते गावात राहूनच कळेल.