गोल्फच्या नवशिक्याचा सराव

गोल्फ हा खेळ दुरून पाहणाऱ्यास फार सोपा वाटतो. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर धावून येतो. टेनिसमध्ये प्रतिस्पर्धी तो भलतीकडेच वळवितो. गोल्फचा चेंडू मात्र गवतावर निमूटपणे पडून असतो. खेळाडू सज्ज होईपर्यंत तो जागचा हलत नाही. त्यास काठीने मारीत मारीत दूरच्या एका भोकात टाकावयाचे, आणि तेही शक्य तितक्या थोड्या फटक्यांत, एवढेच काय ते काम. परंतु काठी प्रत्यक्ष हाती घेतली म्हणजे या सोपेपणाची खरी किंमत कळू लागते. चेंडूचा व्यास सुमारे ४३ मिलिमीटर, भोकाचा १०८ मिलिमीटर, आणि दोहोंमधील अंतर कित्येकदा चारशे यार्डांचे!

मुंबईच्या परिसरास हा खेळ नवा नाही. कलकत्त्यास १८२९ साली आणि मुंबईस १८४२ साली गोल्फचे क्लब निघाले. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा. तथापि पुष्कळ काळपर्यंत हा खेळ प्रथम साहेबलोकांचा आणि पुढे मोजक्या सभासदांचा असाच राहिला. नवी मुंबई वसविणाऱ्या सिडकोने खारघर येथे, डोंगराच्या पायथ्याशी, पांडवकड्याच्या धबधब्याच्या परिसरात गोल्फचे मैदान तयार केले. ते २०१२ साली खुले झाले, आणि प्रारंभी ते अकरा होलांचे होते. त्यामुळे वाशी, नेरूळ, बेलापूर, पनवेल या भागांतील नोकरदार व व्यापारी कुटुंबांनाही हा खेळ हाताशी आल्यासारखा झाला. मुलांच्या परीक्षा, घरची कामे आणि कचेरीची दगदग सांभाळून आठवड्यातील एक सकाळ या खेळास द्यावी, असे म्हणणारे गृहस्थ व स्त्रिया आता विरळा नाहीत.

परंतु त्यांच्या वाट्यास एक निराशा हटकून येते. खेळाडू दर रविवारी पहाटे उठतो, सरावाच्या मैदानावर बालदीभर चेंडू मारतो, पैसा व घाम दोन्ही खर्च करतो. आणि सहा महिन्यांनी हिशेब पाहावा तो फटक्यांचा आकडा जेथल्या तेथेच! घरची मंडळी म्हणतात, ‘एवढी सकाळ घालवून मिळविले काय?’ आणि त्यास उत्तर सुचत नाही. काही जण येथेच काठ्यांची पिशवी माळ्यावर टाकतात. हा दोष बहुधा अंगच्या कौशल्याचा नसतो, सरावाच्या दिशेचा असतो. फटके जेथे वाया जातात तेथे सराव होत नाही, आणि जेथे सराव होतो तेथील कमाई खेळात उतरत नाही.

याची उपपत्ती समजण्यासाठी प्रथम खेळाचा हिशेब ध्यानात घेतला पाहिजे. अठरा होलांच्या मैदानाचे ‘पार’, म्हणजे निष्णात खेळाडूकडून अपेक्षित असलेले फटके, बहुधा ७२ असतात. भोकाभोवतीच्या बारीक कातरलेल्या हिरवळीस ग्रीन म्हणतात, आणि तेथे चेंडू जमिनीवरून लोटण्याच्या हलक्या फटक्यास पट. प्रत्येक ग्रीनवर दोन पट धरलेले असल्यामुळे ७२ पैकी ३६ फटके, म्हणजे नेमके निम्मे, तेथेच खर्ची पडतात. यावरून ‘ग्रीन जिंकली की खेळ जिंकला’ असे जुने शिक्षक सांगत आले.

अलीकडे या समजुतीची बारकाईने तपासणी झाली आहे. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनी अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडूंच्या असंख्य फटक्यांची मोजदाद करून २०१४ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. चांगला खेळाडू आणि सामान्य खेळाडू यांच्यातील अंतरापैकी सुमारे दोन तृतीयांश अंतर शंभर यार्डांपलीकडून मारलेल्या फटक्यांमुळे पडते, असे त्यांच्या गणिताने दाखविले. लांबचे फटके क्षुल्लक नाहीत, हे यावरून उघड झाले.

मग नवशिक्याने कोणाचे ऐकावे? थोडा विचार केल्यास दोन्ही मतांत विरोध उरत नाही. लांबच्या फटक्यात नवशिक्याचे नुकसान होते ते चेंडू वीस यार्ड अलीकडे पडल्यामुळे नव्हे. तो झाडीत, पाण्यात किंवा हद्दीबाहेर गेल्यामुळे. हद्दीबाहेर गेलेल्या चेंडूस एक फटका दंड होतो आणि पूर्वीच्याच जागेवरून पुन्हा खेळावे लागते. म्हणजे पहिला फटका चुकला की पुढचा तिसरा मोजला जातो. हरवलेल्या चेंडूचेही तसेच. तो शोधण्यास २०१९ पासून नियमाने तीनच मिनिटे मिळतात. तेव्हा लांबच्या फटक्याचा सराव करावयाचा तो चेंडू मैदानात राखण्यासाठी. आणि ग्रीनवरच्या फटक्याचा करावयाचा तो तीन-तीन पट वाया जाऊ नयेत म्हणून.

येथे एक साधे गणित उपयोगी पडेल. समजा, एक होल ३८० यार्डांचा असून त्याचे पार चार आहे. नवशिका सर्वांत लांब काठी, म्हणजे ड्रायव्हर, उपसतो आणि दोनशे यार्डांचे स्वप्न पाहून चेंडू झाडीत घालवितो. त्याऐवजी त्याने १३० यार्डांचा साधा, सरळ फटका तीनदा मारला, तर ३९० यार्ड होतात. म्हणजे तिसऱ्या फटक्यास चेंडू ग्रीनवर येतो. त्यापुढे दोन पट घेतले की होल पाच फटक्यांत पुरा. प्रत्येक होलावर असा एकच फटका अधिक पडला, तर एकंदर बेरीज ९० होईल. शंभरापलीकडे अडकलेल्या खेळाडूस हा आकडा अद्भुत वाटेल. पण त्यासाठी एकही अद्भुत फटका लागत नाही. २०२० पासून जगभर लागू होऊ लागलेल्या हॅन्डिकॅप-पद्धतीत नवशिक्यास ५४ पर्यंत, म्हणजे दर होलामागे तीन फटक्यांची सवलत मिळू शकते. तेव्हा त्याने निष्णातांच्या पारशी झगडत न बसता स्वतःपुरते वेगळे पार ठरवावे, हे खेळाच्या रीतीसही धरूनच आहे.

म्हणून सरावाची पहिली पायरी काठीने नव्हे, पेन्सिलीने चढावयाची असते. प्रत्येक होलानंतर छोट्या वहीत तीन आकडे लिहावेत: एकंदर फटके किती, त्यांपैकी पट किती, आणि दंडाचे किती. चार-पाच खेळांच्या नोंदी झाल्या की गळती कोठे आहे ते आपोआप दिसते. समजा, एखाद्याची बेरीज ११२ असून तीत पट ४२ आणि दंड ८ आहेत. दर ग्रीनवर दोनच पट घेतले तर सहा फटके वाचतात. दंड निम्मे झाले तर आणखी चार. चेंडू एक यार्डही अधिक लांब न मारता दहा फटके कमी झाले. जमाखर्चाच्या वहीवाचून ज्याप्रमाणे घरची काटकसर साधत नाही, त्याप्रमाणेच या खेळातही नोंदीवाचून सुधारणा साधत नाही.

दुसरी पायरी ग्रीनवरच्या फटक्याची. हिला मैदानाची फारशी गरज नाही. घरातील सपाट गालिचा किंवा सतरंजी, एक पटर आणि दोन-तीन चेंडू एवढे साहित्य पुरे. तीन फुटांवर एक नाणे ठेवावे आणि चेंडू त्यावरून जाईल असा लोटावा. ओळीने दहा वेळा साधेपर्यंत उठू नये. नववा चुकला तर पुन्हा एकपासून मोजावे. यामुळे हातास सरळ रेषा आणि मनास थोडी धास्ती, दोहोंचीही सवय होते. लांबच्या पटचा सराव मात्र खऱ्या ग्रीनवरच करावा, आणि तेथे दिशेपेक्षा वेगाकडे लक्ष द्यावे. पूर्वी नासात पदार्थविज्ञानाचे काम केलेले अमेरिकन शिक्षक डेव्ह पेल्झ यांनी प्रयोगांवरून असे मत मांडले की, भोक चुकल्यास चेंडू सुमारे १७ इंच पुढे जाऊन थांबेल इतका वेग सर्वांत हितावह. चेंडू भोकाच्या अलीकडेच थांबला तर आत जाण्याची आशाच उरत नाही. फार पुढे गेला तर परतीचा पट अवघड होतो.

या बाबतीत अपेक्षाही बेताची असावी. जगातील अव्वल व्यावसायिक खेळाडू आठ फुटांवरून शंभरांत सुमारे पन्नासच पट घालतात, आणि वीस फुटांवरून सुमारे पंधरा. तेव्हा वीस फुटांचा पट चुकला म्हणून नवशिक्याने कपाळास हात लावण्याचे कारण नाही. पहिल्या पटने चेंडू तीन फुटांच्या आत आणणे, एवढेच त्याचे कर्तव्य.

तिसरी पायरी ग्रीनच्या काठावरची. येथे नवशिका चेंडू उंच उडविण्याच्या मोहात पडतो. मग एकदा चेंडूचे डोके छाटले जाते आणि तो ग्रीनपलीकडे पळतो, तर पुढच्या वेळी काठी मातीत रुतते. याऐवजी चेंडू थोडाच उचलून पुढे घरंगळू द्यावा. उजव्या हाताने खेळणाऱ्याने अंगाचा भार डाव्या पायावर ठेवावा, मनगटे शांत ठेवावीत आणि झोका आखूड घ्यावा. सरावासाठी ग्रीनच्या काठापासून दोन हात आत एक पंचा अंथरावा आणि प्रत्येक चेंडू त्यावर पडेल असा प्रयत्न करावा. चेंडू कोठे पडतो हे हाती आले की तो कोठवर घरंगळतो याचा अंदाज लवकरच बसतो.

चौथी पायरी लांबच्या फटक्याची. चेंडू ज्या दिशेने सुटतो ती मुख्यतः आघाताच्या क्षणी काठीचे तोंड कोणीकडे होते यावर ठरते. काठीचा मार्ग आणि तिचे तोंड यांत फरक पडला की चेंडू हवेत वळतो. उजवीकडे वळणाऱ्या चेंडूस आवरण्यासाठी नवशिका आपले सारे अंग डावीकडे रोखतो, आणि वळण उलट वाढते. हा दोष जाणत्या शिक्षकाच्या दोन-चार पाठांनी जितका लवकर जातो तितका हजार चेंडू एकट्याने मारूनही जात नाही. तोवर टीवरून, म्हणजे होलाच्या आरंभस्थानावरून, जी काठी दहांपैकी सात वेळा चेंडू मैदानात राखते तीच वापरावी. मग ती सात नंबरची आयर्न का असेना.

सराव किती करावा याइतकाच तो कसा करावा हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. एकाच काठीने एकाच दिशेला पन्नास चेंडू मारले की शेवटचे दहा सुरेख जातात, आणि खेळाडू समाधानाने घरी जातो. हे समाधान फसवे असते. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन या संशोधकांनी १९७९ साली हाताच्या हालचाली शिकविण्याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटास एकेक हालचाल ओळीने घोटावयास दिली, दुसऱ्या गटास त्याच हालचाली उलटसुलट क्रमाने. शिकतेवेळी पहिला गट पुढे होता. दहा दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा दुसऱ्याच गटाच्या ध्यानात अधिक राहिले होते. मैदानावर एकच फटका लागोपाठ दोनदा मारण्याचा प्रसंग क्वचितच येतो. तेव्हा पन्नास चेंडूंपैकी पहिले वीस हात मोकळा करण्यासाठी मारावेत. उरलेल्या तिसांत दर चेंडूस काठी बदलावी, लक्ष्य बदलावे, आणि मनात एकेक होल कल्पून तो टीपासून ग्रीनपर्यंत खेळावा.

यावरून आठवड्याचा क्रम सहज आखता येतो. रोज रात्री घरी दहा मिनिटे पटर. एका सकाळी सरावाच्या मैदानावर पन्नास चेंडू आणि तितकाच वेळ ग्रीनच्या काठावर. आणि पंधरा दिवसांनी एकदा पूर्ण खेळ, वहीसह. पावसाळ्यात खारघरच्या डोंगरावरून सरीवर सरी येऊ लागल्या, गवत भिजले, की चेंडू पडल्या जागी थांबतो आणि अंतर कमी भरते. तेव्हा एक नंबर लांबची काठी घ्यावी. स्वतःच्या आघाताने चेंडू मऊ जमिनीत रुतला, तर बंकर व पाणी सोडून इतरत्र तो दंडाशिवाय उचलून जवळ टाकण्याची मुभा नियमांत आहे, हे ठाऊक असावे. मैदान बंदच असेल त्या आठवड्यात घरच्या सतरंजीवरचा सराव चुकवू नये.

अंगबळाने कमी असलेल्यांनीही धीर सोडू नये. टोकियो येथे २०२१ साली झालेल्या ऑलिम्पिकमध्ये भारताच्या अदिती अशोक साठ खेळाडूंत चौथ्या आल्या. त्यांची ख्याती लांब फटक्यांसाठी नव्हे, ग्रीनवरील अचूकपणासाठी आहे. आणि रौप्य व कांस्यपदकांसाठी ज्या दोघींत पुढे चुरस झाली त्यांच्यापासून अदिती अवघ्या एका फटक्याने दूर होत्या. एका फटक्याचे मोल याहून अधिक स्पष्ट कोण सांगणार?

गोल्फमध्ये बहुधा पंच बरोबर नसतो. झाडीआड चेंडू पायाने सरकविला किंवा चुकलेला पट मोजला नाही, तर ते बहुधा कोणी पाहात नाही. परंतु तो न लिहिलेला फटका वहीतून निसटतो, आणि त्याबरोबर सरावाची दिशाही. जो आपल्या ११२ फटक्यांपुढे प्रामाणिकपणे ११२ लिहितो, त्यालाच ते कोठे गेले हे कळते. आणि घरच्यांनी ‘आज मिळविले काय?’ असे विचारल्यावर एखाद्या रविवारी तो वही उघडून दाखवितो: मागल्या खेपेपेक्षा एक फटका कमी.