जुन्या पोस्टकार्डांतील सण

सण येतो तेव्हा घर गजबजून जाते, आणि सण सरला की त्याच्या खुणाही पाहता पाहता नाहीशा होतात. दारापुढची रांगोळी पुसली जाते, तोरणाची पाने सुकतात, फराळाचे डबे रिकामे होतात. मागे उरते ती केवळ आठवण. आणि काही वर्षांनी तीही अंधुक होते. परंतु शंभर वर्षांपूर्वीचा एखादा सण आजही हातात धरून पाहता यावा, अशी एक वस्तू आहे. ती सोन्यारुप्याची नाही. तळहाताएवढ्या जाड कागदाची आहे. ती वस्तू म्हणजे सचित्र पोस्टकार्ड होय.

अमेरिकेत व युरोपात जुनी पोस्टकार्डे जमविण्याचा छंद असलेली पुष्कळ माणसे आहेत. त्यांतील काहींच्या घरी एक गोड प्रघात असतो. नाताळ जवळ आला की पेटीत जपून ठेवलेली नाताळची जुनी कार्डे बाहेर काढावयाची, ती दिवाणखान्यात ओळीने मांडावयाची, मुलांना दाखवावयाची, आणि सण संपला की पुन्हा पेटीत ठेवावयाची. ही कार्डे त्यांना कोणी पाठविलेली नसतात. ज्याने लिहिले व ज्याला लिहिले, ते दोघेही केव्हाच काळाच्या पडद्याआड गेलेले असतात. मग परक्यांच्या शुभेच्छा इतक्या जिव्हाळ्याने का जपावयाच्या? या प्रश्नाचे उत्तर पोस्टकार्डाच्या इतिहासातच दडलेले आहे.

१८६९ सालच्या जानेवारीत ऑस्ट्रियातील इमानुएल हेरमान नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी व्हिएन्नाच्या एका वर्तमानपत्रात एक लेख लिहिला. दोन ओळींचा निरोप धाडण्यासाठी कागद, लिफाफा व पुऱ्या पत्राचे टपालहशील हा खर्च कशासाठी, असा त्यांचा प्रश्न होता. तो सरकारला पटला. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला जगातील पहिले सरकारी पोस्टकार्ड विक्रीस आले. थोड्याच वर्षांत इतर देशांनीही हा मार्ग अनुसरला. हिंदुस्थानात १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे पोस्टकार्ड मिळू लागले. गरिबालाही दूरच्या आप्ताची खुशाली विचारता येऊ लागली.

आरंभीची कार्डे कोरी असत. पुढे त्यांवर चित्रे छापली जाऊ लागली. पण टपालखात्याचा नियम असा की, एका बाजूस केवळ पत्ता लिहावा. त्यामुळे निरोप लिहावयाचा तो चित्राच्याच कडेला, उरलेल्या चिंचोळ्या जागेत. ही अडचण ओळखून ब्रिटनने १९०२ साली पत्त्याच्या बाजूचे उभी रेघ मारून दोन भाग करण्यास मुभा दिली. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता, आणि पाठीमागची सगळी बाजू चित्राला मोकळी! अमेरिकेत ही सोय १ मार्च १९०७ पासून झाली. जाणता संग्राहक नवे कार्ड हाती येताच प्रथम ही रेघ पाहतो. अमेरिकेतील कार्डावर रेघ नसेल, तर ते बहुधा १९०७ पूर्वीचे, हे त्याला तारखेवाचूनही कळते.

यानंतरच्या काही वर्षांत सचित्र कार्डांचा जणू महापूर लोटला. १९०८ च्या जूनअखेर संपलेल्या एका वर्षात अमेरिकेच्या टपालातून ६७ कोटींहून अधिक पोस्टकार्डे गेली. त्या देशाची लोकसंख्या त्या वेळी ९ कोटींच्या आत होती. कार्ड पाठविण्यास एक सेंट पुरे. घरोघरी दूरध्वनी नव्हता; परंतु खेड्यापाड्यांतील शेतकऱ्याच्या दारापर्यंत टपाल मात्र जाऊ लागले होते. म्हणून सण आला की, दूर असलेल्या बहिणीला, मावशीला, जुन्या शेजाऱ्याला एकेक कार्ड धाडणे हा जणू सणाचाच एक विधी होऊन बसला.

प्रत्येक सणाचे कार्ड निराळे असे. ईस्टरच्या कार्डावर पिवळीधमक पिले, ससे व रंगीत अंडी. ४ जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या कार्डावर निशाणे व फटाके. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनच्या कार्डावर भोपळ्याचे कंदील, काळी मांजरे व झाडूवर बसून उडणाऱ्या चेटकिणी. तर नोव्हेंबरात येणाऱ्या थँक्सगिव्हिंग या कृतज्ञतेच्या सणाच्या कार्डावर टर्की पक्षी व धान्याच्या राशी. एलेन क्लॅपसॅडल या अमेरिकन चित्रकर्तीने रेखाटलेली गोबऱ्या गालांची मुले तर आजही संग्राहकांना फार प्रिय आहेत. नाताळची कार्डे पाहताना एक मौज वाटते. आज सांताक्लॉज म्हटला की लालच झगा डोळ्यांपुढे येतो. पण जुन्या कार्डांवर तो हिरव्या, निळ्या, जांभळ्या, तपकिरी अशा नाना रंगांच्या झग्यांत दिसतो. प्रथा आज जशी आहे तशीच ती नेहमी होती, असे आपण सहज समजतो. तो समज असे एखादे कार्ड क्षणात दूर करते.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या या सुंदर कार्डांपैकी पुष्कळशी छापली जात ती मात्र जर्मनीत. शिळाछपाईच्या कलेत तेथील कारागिरांचा हात धरणारा कोणी नव्हता. एका चित्रात जितके रंग, तितके निरनिराळे दगड तयार करावयाचे. एकेका रंगाचा ठसा नेमका आधीच्या ठशावर बसवावयाचा. मग दाब देऊन चित्राला उठाव आणावयाचा. एक रंग केसभर सरकला तरी चेहरा बिघडे. अमेरिकेतील आजी आपल्या नातवाला जे कार्ड धाडी, त्यामागे समुद्रापलीकडच्या अनामिक कारागिराचे हे श्रम असत.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. समुद्रमार्ग धोक्याचे झाले, जर्मनीतून येणारी कार्डे थांबली, आणि कालपर्यंत एकमेकांच्या सणांत नकळत सहभागी असलेले देश परस्परांचे शत्रू बनले. त्या काळात फ्रान्समध्ये तलम जाळीवर रेशमी धाग्यांनी भरतकाम केलेली कार्डे निघाली. आघाडीवरचे सैनिक ती विकत घेऊन नाताळास आपल्या घरी धाडीत. अशी कार्डे पाहताना संग्राहकाचा हात थबकतो. कारण कार्ड घरी पोहोचले, पण ते लिहिणारा परतला किंवा नाही, हे कार्ड सांगत नाही. युद्ध संपले, तरी सणाच्या पोस्टकार्डांचे ते पहिले वैभव पुन्हा आले नाही.

जर्मनीची ही मुद्रणकला आपल्या महाराष्ट्रातही आली होती. चित्रकार राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेला छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे नेण्यात आला. तेथील यंत्रे जर्मन होती व तंत्रज्ञही जर्मनीहून आलेले होते. या छापखान्यातून देवदेवतांची चित्रे निघाली, तशी सचित्र पोस्टकार्डेही निघाली. पुढे मराठी घरांत संक्रांतीला लहानशी शुभेच्छाकार्डे धाडण्याची रीत रूढ झाली. दूरच्या आप्ताला पाकिटातून चिमूटभर तिळगूळ व त्याबरोबर एक चित्रमय कार्ड जात असे. ज्यांना समक्ष भेटून तिळगूळ देणे शक्य नाही, त्यांच्याशीही गोडी राखावी, हा त्यामागील हेतू.

मात्र मराठी घरांतील जुन्या पत्रांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. घरी आलेली पत्रे एका तारेत ओवून भिंतीशी टांगून ठेवीत. परंतु मृत्यूची वार्ता आणणारे कार्ड घरात ठेवण्याचा प्रघात नव्हता. अशा कार्डाचा कोपरा फाडलेला असे, आणि वाचून होताच ते फाडून टाकीत. म्हणून त्या तारेवर लग्नाची, बारशाची, सणाची पत्रे सापडतात. दुःखाची सापडत नाहीत. सणाच्या कार्डांचा कोणताही संग्रह असाच असतो. त्यावरून मागचे लोक सदैव आनंदातच होते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. चित्राची बाजू हसत असते. खरे जीवन पाठीमागच्या चार ओळींत असते. पीक कसे आले, आजाऱ्याला उतार पडला की नाही, सणाला येणे का जमले नाही, हे सारे तेथे लिहिलेले असते.

म्हणूनच चांगला संग्राहक कार्डाच्या दोन्ही बाजू जपतो. तो तिकीट सोलून काढीत नाही, कार्ड वहीत खळीने चिकटवीत नाही, ते ऊन व दमट हवा यांपासून दूर ठेवतो. टपालाच्या शिक्क्यावरून गाव व तारीख शोधतो. आणि मजकूर वाचताना तो कोणा परक्याचे मन आहे, हे विसरत नाही.

असा छंद फार लहानपणीही लागू शकतो. अमेरिकेतील उद्योगपती लेनर्ड लॉडर यांनी बालवयात खाऊच्या पाच सेंटांतून न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीची पाच सारखीच कार्डे घेतली होती. पुढे त्यांच्या संग्रहात लाखाहून अधिक कार्डे जमली, आणि तो संग्रह त्यांनी बॉस्टनच्या कलासंग्रहालयाला देऊ केला.

या छंदाचे मोल एका घटनेवरून स्पष्ट होते. लंडनची राफाएल टक आणि सन्स ही शुभेच्छाकार्डे काढणारी नामांकित संस्था होती. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री शहरावर झालेल्या बाँबहल्ल्यात तिची इमारत जळाली. मूळ चित्रे व दप्तरे भस्मसात झाली. ज्यांनी कार्डे काढली, त्यांच्याजवळ त्यांची नोंदही उरली नाही. पण ती कार्डे त्यापूर्वीच देशोदेशींच्या घरांत जाऊन पोहोचली होती. पेट्यांतून व वह्यांतून लोकांनी जपलेल्या त्या कार्डांवरूनच संग्राहकांनी संस्थेच्या कामाची यादी पुन्हा जुळवीत आणली. मोठ्या इमारतीला जे राखता आले नाही, ते लहान माणसांच्या मायेने राखले.

परक्यांच्या शुभेच्छा का जपावयाच्या, याचे उत्तर येथे मिळते. कोणीतरी कोणाची तरी आठवण केली, आणि त्यासाठी वेळ काढून चार ओळी लिहिल्या, याची ती कार्डे साक्ष देतात. एखाद्या घराच्या माळ्यावर, आजीच्या पेटीत किंवा जुन्या पोथीच्या पानांत असे एखादे कार्ड आजही पडलेले असेल. ते रद्दीत जाण्यापूर्वी कोणी उलटून वाचले, तर त्यातील सण आणखी एकदा साजरा होईल.