प्लास्टिकच्या टाकीला रंग का टिकत नाही

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या कालव्याचे पाणी जिथे आले तिथेही आणि जिथे आले नाही तिथेही, पवनी तालुक्याच्या या धानपट्ट्यात शेतीची कितीतरी कामे आज लहान इंजिनांवर होतात. पाठीवरचा फवारणी पंप, ग्रास कटर अशा हलक्या यंत्रांची पेट्रोलची टाकी बहुधा प्लास्टिकची असते. काही हंगामांत ती पिवळी पडते, ओरखडे धरते. मग यंत्र विकायचे किंवा भाड्याने द्यायचे म्हणून टाकीवर स्प्रे मारला जातो. थोड्याच दिवसांत रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात आणि बोल लागतो तो रंगवणाऱ्याला, नाहीतर रंगाच्या डब्याला. माझ्या मते दोष दोघांचाही नाही. पेट्रोलची प्लास्टिक टाकी रंगवूच नये.

या टाक्या बहुतेक एचडीपीई म्हणजे दाट पॉलिथिनच्या असतात. त्यात कार्बन आणि हायड्रोजन यांशिवाय काही नसते, आणि रंगाला धरून ठेवील असे त्याच्या पृष्ठभागावर काही सापडत नाही. एवढ्यावर भागले असते तर उपाय निघाला असता. मोठी अडचण आतून येते. पेट्रोलही कार्बन-हायड्रोजनचेच, त्यामुळे ते या प्लास्टिकमध्ये मुरते आणि माठातून पाणी पाझरावे तसे भिंतीतून वाफ होऊन बाहेर पडते. कोणतीही प्रक्रिया न केलेल्या एचडीपीईच्या एक चौरस मीटर भिंतीतून दिवसाला सुमारे 10 ग्रॅम इंधन असे निसटते. एक लिटरच्या टाकीचा हिशेब अर्ध्या ग्रॅमच्या आसपास येतो. आकडा किरकोळ वाटेल, पण ही वाफ रोज निघते आणि रंगाचा थर तिची वाट अडवतो. साध्या स्प्रेचा रंग पेट्रोलने मऊ पडतोच, शिवाय वाफ त्याला खालून उचलते. तापमान दहा अंशांनी वाढले की पाझर साधारण दुप्पट होतो. विदर्भातल्या मे महिन्यात, 45 अंशांच्या उन्हात, पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या टाकीवर काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

यावर कोणी म्हणेल, मोटारीचे बंपरही प्लास्टिकचे असतात आणि त्यांचा रंग वर्षानुवर्षे टिकतो. खरे आहे, पण बंपरच्या आत पेट्रोल नसते. तिथे खास प्राइमरने काम भागते. टाकीवर तोच प्राइमर मारला किंवा पॉलिश पेपरने घासले तर रंग सुरुवातीला नीट बसतोही, पण आतली वाफ थांबत नाही. कारखान्यात प्लास्टिकवर झरझर ज्योत फिरवून त्याचा पृष्ठभाग रंग धरण्याजोगा करतात. वापरलेल्या टाकीवर हा प्रयोग म्हणजे जिवाशी खेळ आहे, कारण टाकी रिकामी केली तरी भिंतीत मुरलेले पेट्रोल दिवसेंदिवस बाहेर येत राहते. रंगीत प्लास्टिक टाक्यांच्या मोटरसायकलींचे उदाहरणही कुणी देईल. शर्यतीच्या अशा अनेक गाड्यांमध्ये रंग मूळ प्लास्टिकमध्येच मिसळलेला असतो. त्यांच्या टाकीवरचे स्टिकरही फुगतात, म्हणून वाफेला वाट मिळावी यासाठी त्यांना बारीक छिद्रे ठेवलेली असतात. पाझर खरोखर रोखायचा असेल तर तो टाकी घडवतानाच रोखावा लागतो: प्लास्टिकवर फ्लोरीन वायूची प्रक्रिया करून किंवा भिंतीत वेगळ्या प्लास्टिकचा अडथळ्याचा थर घालून. अमेरिकेने 2008 च्या नियमांत लहान इंजिनांच्या टाक्यांसाठी पाझराची मर्यादा दिवसाला चौरस मीटरमागे 1.5 ग्रॅम ठरवली, तेव्हा उत्पादकांनी याच वाटा धरल्या. बाहेरून रंग फासणे हा त्यावरचा उपाय कधीच नव्हता.

उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते, मग रंगाचे आवरण असलेले बरे, हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ऊन लागते हे मान्य. पण त्यासाठी यंत्र सावलीत ठेवावे, नाहीतर वर कापड टाकावे. रंगाने उलट दोन नुकसाने होतात. अर्धपारदर्शक टाकीतली पेट्रोलची पातळी दिसेनाशी होते आणि पाठीवर यंत्र घेतलेल्या माणसाच्या दृष्टीने जी दिसणे सर्वांत महत्त्वाचे, ती बारीक भेग झाकली जाते. पाठीजवळ गरम इंजिन असताना न दिसलेली गळती किती महागात पडेल, याचा विचार रंगवण्याआधी व्हायला हवा. शिवाय तोंडाजवळचे पापुद्रे टाकीत पडले तर ते गाळणी आणि कार्बोरेटर अडवू शकतात. त्यातली जेटची छिद्रे मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात.

ओळखीसाठी खूण हवी असेल तर रंग दांड्याला किंवा लोखंडी सांगाड्याला द्यावा. पिवळी पडलेली टाकी साबणाच्या पाण्याने धुवावी, भेगाळलेली असेल तर सरळ बदलावी. आणि जुने यंत्र विकत घेताना टाकी रंगवलेली दिसली, तर नव्या टाकीचे पैसे किमतीतून वजा करूनच सौदा करावा.