गटाचं अ‍ॅप करायचं, तर किल्ली कुणाकडे?



हल्ली कोणत्याही गटाच्या बैठकीला गेले की चहा यायच्या आधी प्रश्न येतो. "मॅडम, त्या गटाचं अ‍ॅप केलंत म्हणे. आमचंही करून द्या ना." प्रत्येक बैठकीत वेगवेगळं सांगण्यापेक्षा म्हटलं अंकातच लिहावं. ते अ‍ॅप काय आहे, कसं केलं, आणि त्यात माझं काय चुकलं.

आधी क्लाउडचं बघू. क्लाउड म्हणजे ढग, पण वर आकाशात काही नसतं. मोठ्या इमारतींत हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात आणि त्यातली थोडी जागा आपण वापरतो, एवढंच. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात अशी सेवा सुरू केली, अ‍ॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत. पिठाच्या गिरणीसारखं समजा. दळणासाठी घरी गिरणी बसवत नाही आपण, डबा घेऊन जातो. तसंच पूर्वी असं अ‍ॅप चालवायचं तर स्वतःचा संगणक घ्या, तो चोवीस तास चालू ठेवा, वीज गेली की बसा. आता दळणापुरते पैसे, आणि दळण अगदी थोडं असेल तर तेही नाहीत. आपल्या बारा बायकांच्या गटाचा हिशेब म्हणजे अगदी थोडं दळण.

आम्ही वापरलं गूगल शीट आणि त्याला जोडलेलं अ‍ॅप्स स्क्रिप्ट. शीट म्हणजे रकाने पाडलेली वही. स्क्रिप्ट म्हणजे त्या वहीला दिलेल्या सूचना: इथली बेरीज कर, तिथलं व्याज काढ, आणि कुणी लिंक उघडली की एवढंच दाखव. मी समाजकार्य शिकलेली, संगणक नाही. सूचना लिहायला कॉलेजच्या मैत्रिणीने मदत केली. प्ले स्टोअरवरून काही उतरवायचं नाही, लिंक दाबली की फोनमध्ये पान उघडतं.

शीटमध्ये तीन पानं आहेत: सभासद, बचत आणि कर्ज. एक नियम आम्ही कडक पाळला. शिल्लक कधीच हाताने लिहायची नाही. कोणी, कधी, किती दिले एवढीच नोंद करायची. शिल्लक अ‍ॅप काढेल. हाताने लिहिलेली बेरीज आणि खालच्या नोंदी जुळत नाहीत, हा आपल्या निम्म्या वह्यांचा रोग आहे, तुम्हाला माहीतच आहे.

व्याजापाशी मात्र गाडी अडली. मी विचारलं, "व्याज कसं घेता?" सगळ्या म्हणाल्या, "शेकडा दोन." ठीक. पण कशावर? समजा ताईंनी ६,००० रुपये घेतले आणि दरमहा १,००० मुद्दल फेडलं. उरलेल्या रकमेवर व्याज धरलं तर पहिल्या महिन्याला १२०, मग १००, ८०, ६०, ४०, २०. सहा महिन्यांचं मिळून ४२० रुपये. आणि शेवटपर्यंत मूळ ६,००० वरच धरलं तर दरमहा १२०, म्हणजे ७२०. फरक ३०० रुपयांचा. दोन्हीला बायका "शेकडा दोन"च म्हणत होत्या! त्या दिवशी कळलं की काही जणी एका पद्धतीने भरत होत्या आणि काही जणी दुसऱ्या. कुणी लबाडी केली नव्हती. जिने वही लिहिली तिच्या सवयीने ते चालत आलं होतं. संगणकाला सवय कळत नाही. त्याला जे सांगाल ते तो सगळ्यांना लावेल, चूक सांगितलं तर चूकही सगळ्यांना सारखी. म्हणून त्या बैठकीत अ‍ॅप बाजूला ठेवलं आणि उरलेल्या रकमेवरच व्याज घ्यायचं असा ठराव आधी इतिवृत्तात लिहिला.

आता माझी चूक. सुरुवातीला घाईत मी अख्खी शीटच गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली, आणि परवानगी ठेवली "लिंक असलेल्या कोणालाही बघता येईल" अशी. मला वाटलं, गटातल्याच तर बायका आहेत. पण आपल्याकडे फोन बाईचा एकटीचा असतो का? मुलगा बघतो, नवरा बघतो, दीर बघतो. चार दिवसांनी एका ताईच्या घरी कळलं की तिने गटातून कर्ज उचललंय. माहेरच्या दवाखान्यासाठी घेतलं होतं, घरी सांगितलं नव्हतं. पुढचे दोन महिने ती बैठकीला आली नाही. मी दोनदा घरी जाऊन आले. एकदा पाणी देऊन म्हणाली, "वहीत होतं तेव्हा वहीतच राहायचं हो." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यानंतर अ‍ॅप पुन्हा केलं. आता शीट बंद असते, ती फक्त गटाच्या आणि नोंद करणाऱ्या दोघींच्या खात्यातून उघडते. सभासद लिंक उघडते, आपला नंबर आणि चार आकडी गुप्त क्रमांक टाकते, आणि तिला फक्त तिचीच बचत, तिचंच कर्ज दिसतं. क्रमांक पाच वेळा चुकला की पान बंद. गटाची एकूण बचत आणि एकूण येणं सगळ्यांना दिसतं, कारण ते सगळ्यांचं आहे. तरी हे काही बँकेचं कुलूप नाही. म्हणून आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक, फोटो यातलं काहीही त्यात टाकायचं नाही. कुणी "भरून टाका, सोयीचं पडेल" म्हटलं तरी नाही.

दुसरी चूक जरा उशिरा लक्षात आली. अ‍ॅप मी माझ्या स्वतःच्या जीमेलवरून केलं होतं. म्हणजे हिशेब बारा जणींचा आणि किल्ली माझ्या खिशात! उद्या माझी बदली झाली, लग्न झालं (आई मागे लागलीच आहे), मी नोकरी सोडली, तर? मी खातं बंद केलं की अ‍ॅपही बंद. म्हणून आता गटाच्या नावाने वेगळं जीमेल काढलंय. पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे, शिवाय पाकिटात घालून गटाच्या पेटीत. खातं परत मिळवायचा मोबाईल नंबर सचिवताईंचा स्वतःचा, मुलाचा नाही. पदाधिकारी बदलले की पासवर्ड आणि नंबर त्याच बैठकीत बदलायचे, बँकेतल्या सह्या बदलतो तसे. आणखी एक, ते खातं दोन वर्षं कोणी उघडलंच नाही तर गूगल ते काढून टाकू शकतं. अधूनमधून त्या खात्यात शिरत राहिलं तर ती काळजी नाही.

शीटचा एक गुण मात्र मला फार आवडला. कुठला आकडा कधी आणि कुठल्या खात्यातून बदलला हे तिच्या आवृत्ती इतिहासात राहतं. वहीत व्हाइटनर लावला की खालचा आकडा गेला. इथे जुना आकडा मागे जाऊन बघता येतो. म्हणूनच नोंद करणाऱ्या दोघी आपापल्या खात्यातून नोंद करतात, एकच खातं दोघींनी वापरलं तर कुणी बदललं ते कळणार नाही.

मग वह्या बंद करायच्या का? नाही. रेंज गेली तर बैठक थांबत नाही, आणि बँकेचे साहेब गटाची तपासणी करताना वह्याच मागतात. कीर्द आणि सभासदांची पासबुकं लिहायचीच. बैठकीत आधी पासबुकावर सही, मग फोनवर नोंद. ज्या गटांची माहिती शासनाच्या लोकओएसवर भरली जाते ती तशीच भरायची. हे छोटं अ‍ॅप तिच्या जागी नाही, ते आपल्या घरच्या वापरासाठी आहे.

ज्या गटांना करायचंय त्यांनी पुढच्या मासिक बैठकीत एवढं ठरवून इतिवृत्तात घ्या: व्याज कशावर, कोणाला काय दिसेल, आणि किल्ली कोणत्या दोघींकडे. मग मला फोन करा. लॅपटॉप मी आणते. तुम्ही मागच्या वर्षाची खतावणी काढून ठेवा, कारण जुन्या बेरजा आधी कागदावर जुळवाव्या लागतात. त्या गटात याला आमच्या दोन दुपारी गेल्या, आणि चाळीस रुपये अजून सापडायचे आहेत.