कुंपणातील वीज : झटका वेगळा, शॉक वेगळा

राजारामपुरीतील माझ्या दवाखान्यात भुदरगडकडचे एक शेतकरी रक्तदाब तपासायला येतात. मागच्या खेपेला जाता जाता म्हणाले, "डॉक्टर, डुकरांनी ऊस पार आडवा केलाय बघा. रात्रीपुरती घरातली लाईन तारंला सोडायची म्हणतोय. पहाटे काढून घेतो की." मी त्यांना पुन्हा खुर्चीवर बसवले. त्यांना जे सांगितले तेच आज वाचकांसाठी लिहितो.

घरातील वीज २३० व्होल्टची असते. दवाने, घामाने किंवा पाटाच्या पाण्याने अंग ओले असले की शरीराचा विजेला होणारा अडथळा १००० ओहमच्या आसपास येतो. म्हणजे अंगातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. १५-२० मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू आखडतात व तार सोडवत नाही. १०० मिलिअँपिअर प्रवाह छातीतून काही सेकंद गेला तर हृदय ठोके देण्याऐवजी नुसते थरथरते आणि रक्ताभिसरण थांबते. ५ अँपिअरचा फ्यूज एवढ्याशा प्रवाहाने वितळत नाही. त्याच्या भरवशावर राहू नये.

झटका मशीनचे तसे नाही. त्याचा दाब हजारो व्होल्टचा असला, तरी एकेक झटका सेकंदाच्या शंभराव्या भागाहून कमी वेळ टिकतो. पुढचा झटका साधारण सेकंदाने येतो. मधल्या वेळात स्नायू सैल पडतात आणि जनावर किंवा माणूस मागे सरतो. जीव घेतो तो व्होल्टचा आकडा नव्हे, तर प्रवाह किती आणि किती वेळ वाहिला, हे.

म्हणून मशीन प्रमाणित कंपनीचेच घ्यावे, घरी जुळवलेले नको. प्रत्येक खांबावर, लाकडी खांबावरसुद्धा, चिनी मातीचे किंवा प्लॅस्टिकचे इन्सुलेटर बसवावेत, कारण ओले लाकूड वीज वाहते. काटेरी तारेत वीज सोडू नये. माणूस त्यात अडकून राहतो. मशीनचे अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून निदान १० मीटर दूर असावे. तारेला टेकणारे गवत कापत राहावे. धोक्याच्या पाट्या लावाव्यात. जंगलालगतच्या गावांनी सौर कुंपणाच्या अनुदानाची चौकशी वनखात्याकडे करावी.

तरीही कोणाला थेट विजेचा शॉक बसलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते शक्य नसल्यास कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने घरगुती लाईनची तार बाजूला सारा. माणूस बेशुद्ध असून श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहा आणि दुसऱ्याला १०८ क्रमांकावर फोन करायला सांगा. मातीत पुरणे, तोंडात पाणी ओतणे यात मोलाची मिनिटे जातात. शुद्धीवर आला तरी हृदयाचा आलेख काढून घ्यावाच. लघवी काळपट झाल्यास विलंब करू नये.

सगळे ऐकून ते गृहस्थ जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "रात्रीची लाईट आली की मोटार चालू करायला माझाच पोरगा जातोय, डॉक्टर." त्यांचा रक्तदाब मी पुन्हा मोजला. तो वाढला होता.