साथीच्या काळातील अक्षरओळख व कुटुंब : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरविण्यास शासनाने अनुमती दिली ती १ डिसेंबर २०२१ पासून. म्हणजे साथीपूर्वी पहिलीत बसलेले मूल वर्गात परतले तेव्हा ते तिसरीत होते. मधल्या काळात अध्यापनाचा भार कुटुंबावर कसा पडला, याचा बुलढाणा जिल्ह्यापुरता विचार येथे करावयाचा आहे.

विदर्भात शालेय वर्ष जूनच्या अखेरीस सुरू होते. सोयाबीन व कपाशीच्या पेरणीची घाईही त्याच सुमारास असते. शासनाने ‘दीक्षा’ अ‍ॅपवरून पाठ पुरविले. परंतु घरातील एकमेव मोबाइल वडिलांबरोबर शेतात जाई, तेथे हा मार्ग सकाळीच खुंटे. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. तिला इंटरनेट लागत नसे. तथापि तिची वेळ ठरलेली होती, आणि शेतकरी कुटुंबाची वेळ पाऊस ठरवितो.

शिवाय अक्षर नुसते पाहून येत नाही. मूल चुकते, कोणी ती चूक दाखविते, मूल पुन्हा लिहिते. हा क्रम शेजारी बसणाऱ्या माणसावाचून चालत नाही. ते काम आई, आजी किंवा थोरल्या भावंडाकडे आले. ज्या घरी त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, तेथे ते राहूनच गेले.

ती मुले आज वरच्या वर्गांत आहेत. त्यांचे वाचनातील अडखळणे हे मंदबुद्धीचे लक्षण न मानता, राहून गेलेल्या पाठाची खूण मानली पाहिजे. आणि तो पाठ देण्याचे दायित्व शाळेचेच होय.