गवारीच्या बियांतली साखळी

तुर्भ्याच्या भाजी मार्केटमध्ये पहाटे उतरणारी गवार कोवळी असते. दुपारपर्यंत ती नेरूळ-कोपरखैरण्याच्या घरांत शेंगदाण्याचं कूट घालून शिजलेलीही असते. पण हीच शेंग झाडावर जून होऊ दिली तर? बी टणक होतं, भाजीच्या कामातून जातं. आणि गंमत म्हणजे गवारीची खरी कमाई तिथूनच सुरू होते!

गिरणीत या बियांचं टरफल आणि अंकुर वेगळे काढतात. ते गुरांच्या पोटात जातात. उरलेल्या फिकट डाळीचं पीठ म्हणजे ग्वार गम, गवारीचा डिंक. जगातली बहुतेक गवार भारतात पिकते, त्यातही राजस्थानात, आणि तिचा डिंक गुजरातच्या बंदरांप्रमाणे आपल्या न्हावा शेव्यातूनही परदेशी रवाना होतो. फ्रिजमधल्या आइस्क्रीमच्या डब्यावर बारीक अक्षरांत ४१२ हा आकडा शोधा. सापडला तर समजा, गवार आधीच घरात शिरली आहे.

या पिठात आहे तरी काय? १ ग्रॅम पीठ १०० मिलिलिटर थंड पाण्यात नीट घोळवा, थोडा वेळ थांबा. पाणी काही हजार पट घट्ट होतं. चूल नाही, उकळी नाही!

कारण पिठातल्या रेणूच्या लांबीत आहे. मॅनोज नावाच्या साखरेचे कण एकामागून एक जोडले जाऊन लांबलचक साखळी होते आणि साधारण एकाआड एक कणाला गॅलॅक्टोज ही दुसरी साखर लटकलेली असते. या लटकणाऱ्या कणांमुळे साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटत नाहीत, मधे पाणी शिरतं. आता कल्पना करा: वाशी स्टेशनच्या पुलावर शेकडो माणसं हातात हात घालून आडव्यातिडव्या लांब रांगा करून उभी आहेत. तुम्हाला पलीकडे जाता येईल? पाण्याचीही तशीच कोंडी होते.

आणि साखरच ती, मग पचत का नाही? मॅनोजची ही जोडणी तोडणारं एन्झाइम माणसाकडे नाहीच. साखळी जशीच्या तशी मोठ्या आतड्यापर्यंत जाते. वाटेत ती अन्नाचा लगदा घट्ट करते, त्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली हे मधुमेही रुग्णांवर दाखवलं. पुढे १९८१ मध्ये ‘ग्लायसेमिक इंडेक्स’ मांडणारे जेन्किन्स ते हेच! युरोपात तर रोज १० ग्रॅम ग्वार गम कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवायला मदत करतो, असं वेष्टनावर छापायलाही परवानगी आहे.

पण रोज खळ कोण पिणार? यावर तोड निघाली ती बुरशीतून. अ‍ॅस्परजिलस बुरशीचं एन्झाइम ही साखळी कापतं. जपानच्या ताइयो कागाकू कंपनीनं त्यातून फायबरची पूड बाजारात आणली. साखळीची लांबी दहाव्या हिश्श्याच्याही खाली येते. पुलावर माणसं तेवढीच, पण हात सुटलेले, वाट मोकळी. ही पूड ताकात, वरणात, चहात विरघळते. ना चव, ना रंग.

घट्टपणा गेला, मग उपयोग काय उरला? मला सगळ्यात चकित करणारा भाग इथेच आहे. मोठ्या आतड्यातले जिवाणू हे तुकडे आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी छोटी आम्लं तयार होतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यांवरच तर जगतात! ही आम्लं शोषली जाताना सोबत मीठ आणि पाणीही आत ओढलं जातं, म्हणून जुलाबात आधार मिळतो. उलट बद्धकोष्ठ असेल, तर वाढलेले जिवाणू मळ मऊ आणि भरीव करतात. ढाक्यात जुलाब झालेल्या मुलांच्या मीठ-साखर-पाण्यात ही पूड मिसळून पाहिली, जुलाब लवकर थांबले. २००० साली तो अभ्यास छापून आला. संशोधकांत दिलीप महालनबीस होते. १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत मीठ-साखर-पाण्यानं असंख्य जीव वाचवणारे तेच डॉक्टर.

मग धोका काहीच नाही? आहे, आणि तो डिंकाच्या पाण्याच्या तहानेतून येतो. अमेरिकेत ‘कॅल-बॅन ३०००’ नावाच्या वजन घटवायच्या गोळ्या विकल्या जात. आत न तोडलेला ग्वार गम. गोळी पोटात फुगावी ही अपेक्षा. ती काहींच्या घशातच फुगली, अन्ननलिका बंद झाली. १९९० च्या सुमारास तिथल्या सरकारनं त्या बाजारातून काढायला लावल्या. गिळताना फुगतील अशा कोरड्या खाद्यपदार्थांत हा डिंक वापरायला युरोपात मनाई आहे.

२००७ मध्ये भारतातून गेलेल्या ग्वार गमच्या काही मालात डायॉक्सिन हे विष सापडलं, तेव्हाही बरीच ओरड झाली. तो दोष गवारीचा नव्हता, बाहेरून मिसळलेल्या रसायनाचा होता. बाकी खाद्यपदार्थांत घालतात तेवढ्या डिंकाबद्दल युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१७ मध्ये फेरतपासणी केली आणि रोजच्या मात्रेवर आकड्याची मर्यादा घालायची गरज नाही, असं ठरवलं.

तेव्हा दुकानात डबा उचललात, तर आधी पाहा: अखंड ग्वार गम की तोडलेला? अखंड असेल तर कोरडा कधीच तोंडात टाकू नका. कुठलाही असो, थोड्यापासून सुरुवात करा, नाहीतर पोटात वारा धरेल. भरपूर पाणी प्या. मधुमेहाच्या किंवा इतर गोळ्या आणि ही पूड यांत दोनेक तासांचं अंतर ठेवा, कारण डिंक औषधही अडवतो. आणि घरात कुणाला गिळायला त्रास होत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.